शोकेसमधली बाटली

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ताई ऑफिसातून निघाली, बेलापूर स्टेशनच्या जिन्यावर बसली आणि उठली नाही. मी घरी वाल सोलत होते. फोन आला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण मीना. आम्ही दोघींनीही लग्न केलं नाही. खारघरच्या फ्लॅटमध्ये बरोबर राहायचो. ती बेलापूरच्या एका कार्यालयात होती, मी कोपरखैरण्याच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. घरातलं बोलणं बहुतेक तीच करायची, मी वाचत बसायचे. शनिवारी संध्याकाळी ती एक ग्लास वाईन घ्यायची आणि मला अर्धा द्यायची. ग्लास चहाच्या टपरीवर असतात तसले, कटिंगचे. दांड्याचे ग्लास आमच्या मांडणीत मावत नसत. दुकानदार बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालायला लागला की ताई म्हणायची, "अहो, राहू द्या. मेथीच्या जुडीबरोबर जाईल." आणि खरंच मेथीच्या पिशवीतून बाटलीची मान बाहेर काढून ती सोसायटीच्या गेटमधून आत यायची. वॉचमन आधी तिला नमस्कार करायचा, मग बाटलीकडे बघायचा.

तिने आमच्या भाचीला, गार्गीला, शब्द दिला होता. गार्गी ही दादाची एकुलती मुलगी. तिचा नवरा जहाजावर असतो, त्यामुळे लग्न नोंदणी पद्धतीने पटकन उरकलं होतं आणि जेवण तो पुढच्या वेळी उतरेल तेव्हा करायचं ठरलं होतं. ताई म्हणाली होती, "जेवण तुम्ही द्या. वाईन माझ्याकडून." त्यासाठी एक बाटली तिने आधीच आणून ठेवली होती. ऑफिसातल्या मंडळींबरोबर ती दिंडोरीच्या एका वायनरीत गेली होती, तिथली. गार्गी तेव्हा कॉलेजात होती. बाटली हॉलमधल्या शोकेसमध्ये, ताईला ऑफिसात मिळालेल्या ढालीच्या शेजारी उभी होती. मी कधी पुसायला काढली तर ताई म्हणायची, "जपून. ती गार्गीच्या लग्नाची आहे."

ताई गेल्यावर दादा म्हणाला, "जेवण करू वर्ष झाल्यावर. पण वाईनचं राहू दे आता. हौस तिची होती."

नंतर मी फोन करून म्हटलं, "वाईन ताईकडूनच होणार. कुठली ते मी बघते."

दादाने विचारलं, "तुला कळतं त्यातलं?"

मला कळत नव्हतं. ताई ओतायची आणि मी प्यायचे.

वणी

फेब्रुवारीत वहिनीला वणीच्या देवीची ओटी भरायची होती. दिंडोरी त्याच रस्त्यावर. गार्गीने गाडी काढली आणि आम्ही तिघी निघालो. वहिनीची अट एकच होती: आधी देवी, मग दारू.

"वाईन म्हण गं आई," गार्गी म्हणाली.

"तेच ते. आधी देवी."

वहिनी पनवेलची. नारळ नसलेल्या जेवणाकडे ती संशयाने बघते. नाशकाच्या अलीकडे आम्ही मिसळ खाल्ली. पापड, दही आणि काळ्या मसाल्याची तर्री. वहिनीने रस्सा चमच्याने ढवळून तळ पाहिला. "खोबरं भाजून घातलंय. ओलं नाहीये," असं म्हणून तिने दुसरी वाटी मागितली. पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. आमच्याकडे भातखाचरं असतात तशा इथे बागा, एकीला लागून दुसरी. तोडणी चालू होती. रस्त्याकडेला क्रेटचे ढीग लागले होते आणि उघड्या खिडकीतून आंबूसगोड वास येत होता.

शोकेसमधली बाटली मी बरोबर घेतली होती. वायनरीत दाखवून नेमकी हीच मागायची, एवढाच माझा बेत होता. लेबल उन्हाने फिकट झालं होतं, नाव अर्धवट वाचता येत होतं. गडाच्या पायथ्याशी गाडी उन्हात उभी करायची वेळ आली तेव्हा मला बाटलीची काळजी वाटली, म्हणून मी ती टॉवेलात गुंडाळून खांद्यावरच्या पिशवीत टाकली. गडावर चढणाऱ्या ट्रॉलीत वहिनीने पिशवीला हात लावला.

"हे काय टणक आहे?"

मी सांगितलं.

वहिनीने डोळे मिटून घेतले. "अनूताई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. देवीच्या दारात बाटली?"

"गाडी तापली असती."

"मग तापू दे."

गार्गी खिडकीकडे तोंड करून हसत होती. ट्रॉली परत खाली नेता येत नव्हती आणि मी बाटली टाकणार नव्हते. शेवटी वर पोहोचल्यावर वहिनी स्वतःच एका ओटीच्या दुकानापाशी गेली. दुकानात नऊवारीतली एक बाई नारळ लावत बसली होती.

"बाई, एक वस्तू ठेवायचीय. जरा अडचणीची आहे."

बाईने टॉवेल बाजूला करून पाहिलं. "हां, दिंडोरीची. इकडं द्या. माकडं पिशव्या ओढत्यात, चकाकतं दिसलं की आधी तेच." तिने बाटली दिव्याच्या तेलाच्या बाटल्यांमध्ये उभी केली. तिथे ती सहज खपून गेली.

मला देवासमोर काय मागावं ते सुचत नाही. वहिनीने ओटी भरली, गार्गीच्या नवऱ्याच्या जहाजासाठी हात जोडले आणि मग हळूच म्हणाली, "मीनाताईंचं पण." शेंदराने माखलेली ती उंच मूर्ती एका बाजूला मान कलती करून उभी आहे, जणू कुणाचं तरी ऐकते आहे. ताई बोलायची तेव्हा मी अशीच बसलेली असायचे.

बाहेर आलो तर पायरीवर बसून एक माकड कुणाच्या तरी पेढ्यांचा पुडा उलगडत होतं. आमची बाटली तेलाच्या रांगेत होती तशी होती. बाई म्हणाली, "दोघांनी तेल म्हणून मागितली. म्हटलं, ती देवीची न्हाई, पाहुण्यांची."

वहिनी गड उतरेपर्यंत हसत होती. ताई गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दिंडोरीजवळ

वायनरीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या भागात चांगल्या वायनरी बऱ्याच आहेत आणि मी ज्या दोन वाईन सांगणार आहे त्या प्रकारच्या त्यातल्या बहुतेकांकडे मिळतात. आम्ही गेलो ती मोठी नव्हती. पत्र्याची उंच शेड, तिच्यासमोर ओटा, ओट्यावर लाकडी टेबल आणि पुढे लगेच बाग. वाईनची द्राक्षं आपण खातो त्यापेक्षा बारीक असतात, साल जाड आणि आत बिया. वहिनीने एक मणी तोंडात टाकला. "गोड आहे हो. उगाच नासवतात."

आम्हाला चव द्यायला आली ती प्रणाली. तिशीतली, बोलायला मोकळी. सासरची बाग याच वायनरीला द्राक्षं देते आणि ती इथे काम करते. मी टॉवेल उलगडून बाटली तिच्यासमोर ठेवली.

"मला हीच हवी आहे. साठेक माणसांच्या जेवणाला."

प्रणालीने बाटली उजेडाकडे धरली. मग मान तिरकी करून लेबलवरचं साल वाचलं. "ही आमची साधी शेनिन ब्लाँ आहे, मॅडम. पांढरी. कुठं ठेवली होती?"

"शोकेसमध्ये."

"उभी?"

"उभी."

तिने बाटली अलगद बाजूला ठेवली. आधी चव घ्या, म्हणाली, मग बघू. तिने ग्लास मांडले. वहिनीने कानाला हात लावला, पण गार्गी म्हणाली, "आई, देवी झाली ना? मग आता टेन्शन काय?" वहिनीने ग्लास जवळ ओढला.

पहिली सोव्हिन्यो ब्लाँ, पांढरी, चांगलीच आंबट. वहिनीने घोट घेतला आणि लगेच म्हणाली, "यात मिरचीचं देठ आहे." प्रणालीने टेबलावर हात आपटला. "काकू, आम्ही लोकांना हे वाचून दाखवतो, तुम्ही सरळ सांगितलंत." दुसरी तिथली सगळ्यात भारी, लाकडी पिंपात मुरवलेली लाल. मला ती उंची वाटली. मनात आलं, ताईच्या नावाने द्यायची तर अशीच द्यावी. वहिनीने हुंगली. "आजीचं कपाट उघडल्यासारखं वाटतंय." तिने ग्लास माझ्याकडे सरकवला.

"घेऊ का ही?" मी प्रणालीला विचारलं.

"विकायचं माझं काम आहे, पण नका घेऊ," ती म्हणाली. "तुमच्या जेवणात निम्मी माणसं पहिल्यांदा पिणार. त्यांना हे कडू लागेल. एक घोट घेऊन ग्लास झाडाच्या कुंडीत जाईल. कुंडी पण वाईट, वाईन पण वाईट."

मग तिने साधी शेनिन ओतली, त्या वर्षी विकायला असलेली. फिकट पिवळी, गार, पेरूचा वास, अगदी जरासा गोडवा आणि मागून लिंबाची आंबट कड. घोट घशाखाली गेला आणि मला शनिवार आठवला. हीच ती. ताई हिच्याबरोबर बोंबील तळायची. मी नाव कधी विचारलं नव्हतं.

"ही," मी म्हटलं.

त्यानंतर शिराझ, लाल, पिंपात न घातलेली. रंग जांभळाचा, शेवटी मिऱ्याची चुणचुण. वहिनीने आपला ग्लास रिकामा केला आणि कुणाकडेही न बघता पुढे केला. "मटणाबरोबर बरी," ती म्हणाली, जणू भाजी निवडत होती.

निवड झाली. मग मी विचारलं, "आणि ही?"

प्रणाली जुन्या बाटलीकडे बघत म्हणाली, "ही संपली असेल, मॅडम. ही वाईन एक-दोन वर्षांत प्यायची असते. उभी ठेवली की बूच सुकतं, हवा जाते. त्यात तुमच्याकडचा उन्हाळा. वाईट वाटून घेऊ नका, कितीतरी लोक अशी घेऊन येतात. कुणी देवघराखाली ठेवलेली असते, कुणी कपाटात पैठणीच्या घडीत. आम्ही लेबलवर लिहितो, लवकर प्या. लोक वाचतात आणि जपून ठेवतात."

आमच्यासारख्या घरांत हे असंच आहे. आईने मुंबईहून आणलेला कपबश्यांचा सेट पाहुण्यांसाठी ठेवला होता. कुठलाच पाहुणा त्या योग्यतेचा निघाला नाही. ताई या बाबतीत आमच्यापेक्षा वेगळी होती. दर शनिवारी बाटली उघडायची, अर्ध्या ग्लासाला कधी निमित्त लागलं नाही. आणि तिनेही ही एक बाटली ठेवली. गार्गीवर तिचा जीव होता, म्हणून ठेवली. चांगल्यात चांगली गोष्ट म्हणजे जपलेली गोष्ट, एवढंच आम्हाला शिकवलेलं होतं.

"उघडा," मी म्हणाले.

"घरी तशीच ठेवली तरी चालेल, मॅडम. आठवण म्हणून."

"नको. उघडा."

बूच भुसभुशीत झालं होतं, निम्मं तुटून आत पडलं. प्रणालीने ती गाळून चार ग्लासांत थोडी थोडी ओतली. रंग कोऱ्या चहाचा. वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. मी घोट घेतला. आंबट, आणि मग काहीच नाही. गार्गीने ग्लास ओठांना लावला आणि खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते.

"मीनाआत्या असती तर काय म्हणाली असती?"

"म्हणाली असती, 'शी. दुसरी उघड,'" मी म्हणाले.

गार्गी हसली आणि रडलीही. वहिनीने तेवढ्यात बाटली स्वतःकडे ओढून घेतली होती. "टाकायची नाही. मीठ आणि थोडं व्हिनेगर घालून मी यात मिरच्या मुरवते. आंबटच तर आहे." प्रणालीने तिला नवं बूच शोधून दिलं.

मग प्रणाली आम्हाला शेडमध्ये घेऊन गेली. स्टीलच्या उंच टाक्या, ओली जमीन, गारवा. एका टाकीच्या नळाखाली ग्लास धरून तिने गढूळ, फसफसणारा रस काढला. "ही यंदाची शेनिन. याच महिन्यात तोडलेली द्राक्षं. अजून उकळतेय." तिथे आंबण्याला उकळणं म्हणतात. वहिनी म्हणाली, "नीरेसारखी आहे." खरंच तशी होती, गोड आणि जिभेवर टोचणारी.

"तुमचं जेवण कधी आहे?" प्रणालीने विचारलं.

"दिवाळीनंतर. जावई तेव्हा उतरेल."

"मग शोकेसमधली कशाला आणि आज विकायला आहे ती तरी कशाला? हीच घ्या. तोवर बाटलीत गेलेली असेल, एकदम ताजी. गार्गीताईंच्या लग्नाला गार्गीताईंच्या लग्नाच्या वर्षातली."

"लग्न गेल्या वर्षी झालं," गार्गी म्हणाली.

"जेवण झाल्याशिवाय लग्न झालं असं आमच्याकडे कुणी मानत नाही," प्रणाली म्हणाली. वहिनीने जोरात मान हलवली.

त्या रात्री आम्ही जवळच एका बागायतदाराकडे राहिलो. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा. वहिनीने आमटीत नारळ घातला तर काय होईल ते यजमानीणबाईंना समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि आणखी एक भाकरी वाढली.

घरी

जेवण झालं, कोपरखैरण्याला, दादाच्या सोसायटीच्या गच्चीवर. कुणाला अशी बेताच्या खर्चाची आणि दगा न देणारी वाईन हवी असेल तर मला त्यातून जे कळलं ते सांगते.

पांढरी हवी तर साधी शेनिन ब्लाँ घ्या. कधीच न पिणाऱ्यालाही ती आवडते आणि मासळीबरोबर, विशेषतः तळलेल्या बोंबलाबरोबर आणि कोळंबीच्या खिचडीबरोबर, ती फार चांगली लागते. लाल हवी तर पिंपात न मुरवलेली शिराझ. मटण, वालाचं बिरडं, भाजलेलं वांगं, कशाहीबरोबर चालते. दोन्ही वर्षानुवर्षं जवळपास त्याच चवीच्या राहतात. घेताना लेबलवरचं साल वाचा आणि पांढरी सगळ्यात अलीकडची मागा. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली घेऊ नका. लालसुद्धा पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. लाल वाईन गार करायची नाही हा नियम ज्यांनी केला त्यांनी खारघरचा मे महिना पाहिलेला नाही. बूच काढल्यावर दोन-तीन दिवसांत संपवा. ग्लास कसलाही चालतो. आणि ठेवू नका.

गच्चीवर निम्म्या लोकांनी आधी फक्त वास घेतला. ताईच्या ऑफिसातल्या बायका सरळ शेनिनकडे गेल्या. त्यांना सवय होती असं दिसलं, कुठून लागली ते मी विचारलं नाही. जावई नव्या सदऱ्यात सगळ्यांना ओतत होता. दादा बराच वेळ कठड्यापाशी उभा राहिला. मग माझ्याकडे येऊन हात पुढे केला.

"दे. मीनाचं आहे ना."

मी त्याला अर्धा ग्लास दिला. त्याने घोट घेतला.

"जरा गोड आहे की."

"हो."

"आणि ही एवढी वर्षं एकटीच पीत होती होय?"

"एकटी नाही," मी म्हणाले. "अर्धी मला असायची."

त्याने ग्लास परत पुढे केला. मी भरला. लांबून वहिनी बघत होती. तिने जेवणाच्या टेबलावर मिरच्यांची बरणी आणून ठेवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "घ्या, मीनाताईंच्या वाईनमधल्या आहेत." सगळ्यांनी एकेक घेतली. शब्द त्याही वाटेने पाळला गेला.

ताईची जागा आता रिकामी आहे, शोकेसमधलीही. ढाल तिथे एकटीच आहे. फ्रिजच्या दारात यंदाच्या शेनिनची एक बाटली आहे, अर्धी प्यायलेली. वरच्या कप्प्यात वहिनीने दिलेली बरणी आहे, तिच्या तळाशी थोड्या मिरच्या उरल्या आहेत. आज शनिवार आहे. बोंबील मी सकाळीच आणले आहेत.